गावची कुत्री विमानानं गुवाहाटीला न्यायची आहे, तयारी कुठून सुरू करू?

पऱ्हाटी | १६ मार्च, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी, मी हिंगणघाट तालुक्यातली, वडनेरच्या बाजूच्या एका खेड्यातली. नोकरी केंद्र सरकारची आहे आणि बदली आली ती थेट गुवाहाटीला, जुलैच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचंय. बाबा दोन वर्षांआधी गेले, तेव्हापासून घरी मी, आई आणि सरकी. सरकी म्हणजे आमची कुत्री. गावठीच आहे, जिनिंगच्या आवारात सरकीच्या ढिगाजवळ सापडली होती एवढीशी, म्हणून ते नाव. आता साडेतीन वर्षांची आहे. तिला उचलून धान्याच्या काट्यावर उभी राहिले आणि माझं वजन वजा केलं तं १८ किलो भरली.

आई म्हणते सरकी येत असन तं मी येते, नाही तं तू जाय. रागानं नाही म्हणत ती. बाबा गेल्यावर आईला रात्र रात्र झोप नव्हती, तेव्हा ही कुत्री तिच्या खाटेखाली असायची, आई उठून सपरीत बसली की ही पण उठून बाजूला बसायची. मी तं नोकरीवर जायची, दिवसभर त्या दोघीच. त्यामुळे ठेवून जायचा विषय नाही.

प्रश्न असा की ही कधी साखळीला नीट बांधलेली नाही, घराचं दार बंद केलं तरी रडते, मोटरसायकलच्या मागे वावरापर्यंत पळत येते पण गाडीत कधी बसली नाही. तिला पेटीत घालून विमानात कसं न्यायचं? कागद काय लागतात? कोणी केलं असेल तर सगळं सांगा, लांबलचक सांगितलं तरी चालेल.

बंडीवाला | १६ मार्च, रात्री १०.२०

ताई, रेल्वेचा विचार केला का? माझ्या साळ्यानं लॅब्राडोर नेला होता नागपूर ते बंगलोर. फर्स्ट एसीचा अख्खा कूपे आपल्या नावानं असला तं कुत्रं सोबत नेता येते, नाही तं गार्डच्या डब्यात कुत्र्याची पेटी राह्यते त्यात. कूपे मिळनच याची मात्र गॅरंटी नाही, चार्ट लागेपर्यंत जीव टांगणीला.

पऱ्हाटी | १६ मार्च, रात्री १०.३५

केला दादा. बंगलोर असतं तर रेल्वेनंच गेले असते, एका रात्रीचा प्रश्न. गुवाहाटीला गाडी बदलून दोन दिवस मोडतात, आईला गुडघ्याचा त्रास आहे, आणि गार्डच्या डब्यात सरकीला एकटीला दोन दिवस, प्रत्येक स्टेशनवर मी उतरून पळत जाऊन पाणी देणार? नाही जमणार.

गोठ्यातला_डॉक्टर | १७ मार्च, सकाळी ६.१५

मी पशुधन विकास अधिकारी म्हणून तीस वर्षं नोकरी करून रिटायर झालो, बहुतेक ढोरंच पाहिली पण कुत्र्यांचे प्रवासाचे दाखलेही बरेच दिले, तेव्हा जे माहीत आहे ते सांगतो.

बेटा, तू मार्चमध्ये विचारलंस हे फार चांगलं केलंस. लोक माझ्याकडे परवा विमान आहे म्हणून आज यायचे. रेबीजची लस प्रवासाच्या किमान ३० दिवस आधी टोचलेली पाहिजे आणि एक वर्षाच्या आतली पाहिजे, तिची नोंद पुस्तिकेत, बाटलीवरचं लेबल चिकटवून, डॉक्टरच्या सही-शिक्क्यानिशी. पिल्लू असताना टोचली होती पण कागद नाही, असं असेल तर ती नाहीच असं धर. दुसरा कागद म्हणजे प्रवासाला तंदुरुस्त असल्याचा दाखला, तो मात्र अगदी शेवटी घ्यायचा, प्रवासाच्या किती दिवसांच्या आतला लागतो ते विमान कंपनी सांगते.

पण लस टोचण्याआधी एक काम कर, तिचं रक्त तपासून घे. आपल्याकडं गोचीड किती आहेत तुला माहीत आहे, आणि गोचिडाचा ताप कुत्र्याच्या अंगात महिनोन्महिने दडून राहतो, वरून कुत्रं खातं-पितं दिसतं. असं कुत्रं ताणाखाली आलं की पडतं. नागपूरला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात सोय आहे, तिकडं अकोल्याला जवळ पडत असेल त्यांनी अकोल्याच्या पदव्युत्तर संस्थेत जावं.

आणि मे महिन्यात चुकूनही नेऊ नको. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंगातली उष्णता बाहेर काढतो. पेटीत, ४५ डिग्रीत, धावपट्टीच्या बाजूच्या सिमेंटवर पेटी अर्धा तास जरी थांबली तरी त्या धापांनी काही होत नाही, आतली हवाच तापलेली असते. मृग लागून एक-दोन पाऊस पडू दे, मग ने, तेही पहाटेच्या विमानानं.

तूरडाळ | १७ मार्च, सकाळी ८.०५

एवढं काहून करून राहिले बाप्पा, एक झोपेची गोळी द्यायची मेडिकलमधून आणून, पोचल्यावरच उठते. आमच्या इथल्या एकानं दिली होती गाडीत नेताना, काही नाही झालं.

गोठ्यातला_डॉक्टर | १७ मार्च, सकाळी ८.४०

भाऊ, हे कृपा करून कोणालाच सांगू नका. गाडीत कुत्रं तुमच्या डोळ्यासमोर असतं, विमानात दोन-अडीच तास त्याच्याकडे बघणारं कोणी नसतं. गुंगीच्या औषधानं रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो, अंगाचं तापमान सांभाळता येत नाही, आणि पेटी हलली तर तोल सावरता येत नाही म्हणून इजा होते. ओकारी झाली आणि मान उचलता आली नाही तर ती श्वासनळीत जाते. म्हणूनच जगभरचे पशुवैद्य आणि विमान कंपन्या गुंगी देऊ नका म्हणतात, काउंटरवर कुत्रं झिंगलेलं दिसलं तर घेतही नाहीत. मी नोकरीत एक कुत्रा असा गेलेला पाहिला आहे, ट्रकमधून नेताना, मालक घरचा माणूस गेल्यासारखा रडत होता.

तूरडाळ | १७ मार्च, सकाळी ९.१०

माफ करा डॉक्टर साहेब, मले माहीत नव्हतं. ताई, माझं ऐकू नका.

सोनेगाव_नाका | १७ मार्च, दुपारी १.३०

मी विमानतळावर सामान चढवणाऱ्यांत आठ वर्षं होतो, आता गावाला शेती करतो. दोन गोष्टी.

एक, तिकीट सगळ्यात शेवटी काढा. लोक आधी स्वतःचं तिकीट काढतात आणि मग विचारतात कुत्रं चालते का. नागपुरातून सगळ्यात जास्त विमानं इंडिगोची, आणि इंडिगो पाळीव प्राणी घेत नाही, दिव्यांगांसोबतचा सर्व्हिस डॉग सोडून. म्हणजे निम्म्याहून जास्त विमानं तिथंच बाद. बाकी ज्या कंपन्या घेतात त्यांचे नियम वेगवेगळे, छोटं कुत्रं-मांजर असलं तर काही जण वर सीटखाली ठेवू देतात, जसं अकासानं नोव्हेंबर २०२२ पासून सुरू केलं तेव्हा पेटीसकट ७ किलोपर्यंत केबिनमध्ये घेत होते. ही मर्यादा बदलत राहते म्हणून जायच्या वेळेला विचारा. तुमची १८ किलोची, ती खालीच जाणार. एका विमानात प्राणी मोजकेच घेतात, म्हणून आधी फोन, त्यांचा होकार मेलवर, मग तिकीट.

दुसरं, खाली म्हणजे बॅगांच्या ढिगाऱ्यात फेकतात असं लोकांना वाटतं तसं नसते. प्राण्यांची पेटी जिथं ठेवतात तिथं हवेचा दाब वरच्या केबिनसारखाच राह्यतो आणि तापमानही सांभाळलेलं राह्यते. खाली जिवंत प्राणी आहे हे पायलटला लेखी कळवतात. मी स्वतः चढवलेत, आम्ही पेटी शेवटी चढवायचो आणि आधी उतरवायचो. अंधार आणि आवाज मात्र राह्यतो, ते खरं आहे.

पऱ्हाटी | १७ मार्च, रात्री ९.१५

दादा तुमचा हा मेसेज आईला वाचून दाखवला. हवा असते का आत, हे ती दोन दिवसांपासून विचारून राहिली होती. वाचल्यावर म्हणाली, त्यायले म्हणा देव भलं करो.

पेटीचं विचारायचं राहिलं. माझा मोठा चुलतभाऊ म्हणते जामला वेल्डरकडून लोखंडी सळ्यांचा पिंजरा बनवून घेऊ, मजबूत होईल आणि हवाही खेळेल. चालेल का?

सोनेगाव_नाका | १७ मार्च, रात्री ९.४०

नाही चालत. नुसत्या जाळीचा पिंजरा परत पाठवतात, पंजा किंवा थूथन बाहेर येते आणि बाजूची बॅग आत टोचते. कडक प्लास्टिकची किंवा प्लायवूडची पेटी, समोर लोखंडी जाळीचं दार. वरचा-खालचा भाग प्लास्टिकच्या क्लिपांनी जोडलेला राह्यते तिथं धातूचे नट-बोल्ट लावून घ्या, क्लिपा उघडतात. चाकं असली तं काढून टाका.

अंबानगरी_मांजर | १८ मार्च, सकाळी ११.००

पेटीच्या मापाचं मी सांगते, आयाटाचे, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचे, जिवंत प्राण्यांचे नियम आहेत त्यात सूत्र दिलंय आणि कंपन्या तेच बघतात. टेप घेऊन चार मापं घ्यायची, नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी, जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत उंची, खांद्यांची रुंदी, आणि उभं असताना डोक्याची किंवा कानाच्या टोकाची उंची यातलं जे जास्त असेल ते. पेटीची लांबी म्हणजे पहिलं माप अधिक दुसऱ्याचं अर्धं. रुंदी खांद्याच्या दुप्पट. उंची म्हणजे कानापर्यंतची अधिक खालच्या अंथरुणाची जाडी. थोडक्यात तिला आत उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे. लहान पेटी घेतली तर काउंटरवरून परत पाठवतात आणि तेव्हा दुसरी कुठून आणणार.

पऱ्हाटी | १८ मार्च, रात्री ८.३०

मापं घेतली. दोघी लागलो, आई भाकर दाखवत होती आणि मी टेप. लांबी ६८ सेंटिमीटर, कोपर २८, खांदा १७, कान ६०. म्हणजे ८२ लांब, ३४ रुंद आणि गोधडी धरून ६४ उंच. ३६ इंची पेटी बसते असं दिसतंय, नागपूरहून मागवते.

पऱ्हाटी | २ एप्रिल, रात्री १०.०५

अपडेट देते. नागपूरला रक्त तपासलं, डॉक्टर काका तुमचं खरं निघालं, गोचिडाचा तापच आहे, प्लेटलेट कमी आल्या. आम्हाला वाटायचं उन्हामुळं सुस्त आहे. २८ दिवसांच्या गोळ्या दिल्यात, लस त्यानंतर टोचू म्हणाले. आईनं सगळ्या खाटा उन्हात काढल्या, सपरीच्या भिंतीतल्या भेगा शेणामातीनं लिंपून घेतल्या कारण गोचीड तिथंच दडून बसतात म्हणे.

पेटी आली. सरकीनं दुरून पाहिली आणि सरळ गोठ्यात जाऊन बसली.

गोठ्यातला_डॉक्टर | ३ एप्रिल, सकाळी ६.०५

गोळ्या एकही चुकवू नको, बरं वाटलं म्हणून मधेच बंद करू नको. पोट भरलेलं असताना दे. आणि घाबरू नको, वेळेत सापडलंय.

पेटीचं दार आत्ता काढूनच ठेव. सपरीत जिथं ती रोज बसते तिथं ठेवून दे आणि तिला आत जा म्हणू नको. कुत्र्याला ढकलून एकदा आत घातलं ना, की पुढं महिनाभर ते त्या वस्तूला विसरत नाही.

वर्धाकाठची | ३ एप्रिल, सकाळी १०.३०

ताई, आत आईचं जुनं लुगडं अंथर, न धुतलेलं, अंगाच्या वासाचं. आमच्या कुत्र्याले आम्ही असंच शिकवलं होतं.

पऱ्हाटी | २५ एप्रिल, रात्री ९.४५

हे जरा सविस्तर लिहिते कारण मला हे कुठंच वाचायला मिळालं नव्हतं.

पहिले चार दिवस पेटीकडे फिरकली नाही. मग आईनं तिची भाकर-वरणाची परात पेटीच्या तोंडाशी ठेवायला सुरुवात केली, रोज वीतभर आत. दहाव्या दिवशी मान आत, पाय बाहेर, अशी जेवली. लुगडं घातल्यावर मात्र फरक पडला, बाराव्या दिवशी दुपारी आई तिला शोधत होती तं ही पेटीत झोपलेली. आईनं मला फोन केला, मी ऑफिसात होते, हळू आवाजात बोलून राहिली होती, सरकी आत निजली म्हणून, ती उठू नये म्हणून.

मग दार लावलं. नुसतं लोटून, एक मिनिट, आई समोर बसलेली. मग पाच मिनिटं, मग अर्धा तास. एक दिवस माझी घाई झाली, मी एकदम दीड तास बंद ठेवली आणि बाजारात गेले, परत आले तर दाराच्या जाळीला चावून चावून हिरडी रक्ताळलेली. आई त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. पुन्हा दार काढून आठ दिवस मागं गेलो. चूक माझीच होती, ज्यांना करायचंय त्यांनी हे वाचून ठेवा, वेळ वाढवायची तर तिच्या चालीनं वाढवा.

पाण्याचं भांडं दाराला आतून अडकवलंय, बाहेरून पाणी ओतता येतं असं. तिला त्यातून प्यायची सवय लागली.

कवेलू | २६ एप्रिल, सकाळी ७.५०

सगळं वाचून राहिलो. सरकीले लवकर बरं वाटो. आवाजाची पण सवय करा ताई, फोनवर विमानाचा आवाज लावायचा एकदम बारीक, ती जेवत असताना, आणि रोज थोडा वाढवायचा. आमचं कुत्रं पोळ्याच्या ढोलाले भ्यायचं, ते असंच सुधारलं.

पग_आणि_मी | १ मे, दुपारी ४.१५

या धाग्यावर विचारलं तर चालेल ना, माझा पग आहे, ९ किलो, चंद्रपूरहून पुण्याला न्यायचाय. एका कंपनीनं खाली नेणार नाही म्हणून स्पष्ट सांगितलं. बाकी कुत्री चालतात मग माझा का नाही?

गोठ्यातला_डॉक्टर | १ मे, सायंकाळी ६.३०

कारण त्याचं नाक. पग, बुलडॉग, बॉक्सर, पर्शियन मांजर यांची थूथनं चपटी, श्वासाचा मार्ग आधीच अरुंद, ताणात आणि उष्म्यात ही जनावरं सगळ्यात आधी गुदमरतात. कंपनीनं नकार दिला तो तुमच्या पगच्या भल्याचाच समजा. वजन कमी आहे तर केबिनमध्ये घेणारी कंपनी बघा. तेही जमलं नाही तर चंद्रपूर ते पुणे रात्रीची एसी गाडी करून न्या, मधे थांबत थांबत. मी असतो तर गाडीनंच नेला असता.

अंबानगरी_मांजर | ३ मे, रात्री ९.००

परदेशाचं कोणी विचारलं नाही पण लिहून ठेवते, इथल्या बऱ्याच जणांची पोरं बाहेर आहेत. माझ्या मुलीनं अमरावतीहून आमची मांजर जर्मनीला नेली. आधी मायक्रोचिप, १५ अंकी, आणि चिप बसवल्यानंतरच टोचलेली रेबीजची लस धरतात. आम्ही लस आधी टोचली होती, ती वाया गेली, पुन्हा टोचावी लागली. मग ३० दिवस थांबून रक्त, ते युरोपनं मान्य केलेल्या लॅबमध्ये पाठवायचं, त्यात रेबीजविरुद्धच्या अँटीबॉडीचा आकडा ०.५ युनिट किंवा त्याच्या वर आला पाहिजे, आणि रक्त काढल्या दिवसापासून आणखी तीन महिने थांबायचं कारण यातून सूट असलेल्या देशांच्या त्यांच्या यादीत भारत नाही. म्हणजे चार महिने कमीत कमी. वर पशु संगरोध (क्वारंटाइन) कार्यालयाचा दाखला, ती कार्यालयं दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद आणि बंगलोरला आहेत, नागपूरला नाही, म्हणून आम्ही मुंबईमार्गे गेलो. अमेरिकेनं तर १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्र्यांचे नियम आणखी कडक केलेत, सहा महिन्यांखालचं पिल्लू घेतच नाहीत.

आणि मांजरवाल्यांनी एक ध्यानात ठेवा, तपासणीत पेटी रिकामी करून मशीनमधून काढतात, तेव्हा मांजर तुमच्या हातात असते. पट्टा नाही, छातीला बांधायचा हार्नेस घाला. एकदा हातातून सुटली तर त्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये सापडायची नाही.

पऱ्हाटी | १२ मे, रात्री ८.५०

गोळ्या संपल्या, परत रक्त पाहिलं, प्लेटलेट वर आल्या. ८ तारखेला रेबीजची लस टोचली, सोबत नाइन-इन-वन, म्हणजे बाकीच्या रोगांची एकत्र लस, आणि जंताचं औषध. प्रवास २७ जूनला ठरवतोय म्हणजे ३० दिवसांच्या वर भरतात.

कंपनीला सहा फोन झाले. मापं, वजन, वय, जात सगळं विचारलं. दिल्लीला विमान बदलावं लागतं, तिथं सरकीची पेटी या विमानातून त्या विमानात कोण नेणार याचं सरळ उत्तर मिळेना, एक जण म्हणे आपोआप जाते, दुसरा म्हणे तुम्हाला उतरवून परत द्यावी लागेल. शेवटी मी ठरवलं की दिल्लीला एक रात्र मावसबहिणीकडे थांबायचं, दोन वेगळे प्रवास धरायचे. तिकीट महाग पडलं पण सरकीला मधे पाय मोकळे करता येतील, आणि आईलाही.

सोनेगाव_नाका | १२ मे, रात्री ९.३०

एकदम बरोबर केलं. ज्या गोष्टीचं उत्तर दोन माणसं दोन देतात ती गोष्ट आपल्या हातात ठेवायची.

बंडीवाला | १३ मे, सकाळी ८.००

दाखल्यात जात काय लिहिणार? गावठी लिहून चालते का?

गोठ्यातला_डॉक्टर | १३ मे, सकाळी ८.२५

आम्ही सरकारी कागदावर नॉनडिस्क्रिप्ट, म्हणजे ठरावीक जातीचा नसलेला, असं लिहितो, त्याच्या बाजूला देशी कुत्रा, मादी, रंग, वय, अंगावरची ओळखीची खूण. तिकिटाच्या वेळी जे सांगितलं असेल तेच दाखल्यात आणि तेच लसीच्या पुस्तिकेत असू दे, नावाचं स्पेलिंगसुद्धा. मादी असल्यामुळं गाभण नाही हेही लिहून घ्या.

पऱ्हाटी | १४ जून, रात्री १०.१०

काल पहिला पाऊस झाला. आज तिला छोटा हत्तीमध्ये पेटीसकट हिंगणघाटपर्यंत नेऊन आणलं, आई पण मागे पेटीजवळ बसली, ऐकेचना. जाताना ओकली, कारण सकाळी सातला जेवू घातलं होतं आणि आठला निघालो. येताना शांत होती.

गोठ्यातला_डॉक्टर | १५ जून, सकाळी ६.२०

निघायच्या चार ते सहा तास आधी हलकं जेवण, त्यानंतर काही नाही. पाणी मात्र देत राहा. भांड्यात आदल्या रात्री पाणी घालून फ्रीजरमध्ये बर्फ कर, चढवताना सांडत नाही आणि हळूहळू वितळतं तसं ती चाटते.

पऱ्हाटी | ३० जून, रात्री ११.२०

पोचलो मंडळी. तिघी पोचलो. आता सगळं लिहिते.

२६ ला रात्री नऊला सरकीला मुगाची खिचडी थोडी दिली. रात्री सव्वाबाराला निघालो. गावातले एवढ्या रात्री आले होते पंधरा-वीस जण, शेजारच्या मोठ्या आईनं आईची ओटी भरली आणि सरकीच्या कपाळालाही कुंकू लावलं. जाम, बुट्टीबोरी करत अडीचच्या आत विमानतळाजवळ होतो. वर्धा रोडवरच असल्यामुळं शहरात शिरावं लागत नाही, आपल्या भागातल्यांना ही एक चांगली सोय आहे. बाहेर रस्त्याच्या कडेला तिला अर्धा तास फिरवलं, सगळं उरकून घेतलं. तीन तास आधी पोचा म्हणतात ते खरंच ऐका, आम्हाला सगळे तीन तास लागले.

काउंटरवर कागद पाहिले, पेटीला हात घालून हलवून पाहिली, नट-बोल्ट पाहिले. सरकीला आत उभी राहून वळायला लावलं, ती वळली. पेटीसकट वजन २७ किलो भरलं, पैसे जादा सामानाच्या दरानं किलोमागं घेतले, आपल्या फुकट सामानात ते धरत नाहीत. ३२ च्या वर गेलं असतं तर कार्गोनं पाठवावं लागलं असतं असं ते म्हणाले. जिवंत प्राणी असल्याचं आणि वरच्या बाजूच्या बाणाचं लेबल लावलं. मग तपासणीसाठी तिला बाहेर काढलं, रिकामी पेटी मशीनमधून गेली, ती माझ्या पायाला चिकटून उभी, थरथरत होती. पुन्हा आत जा म्हटलं आणि मला वाटलं आता नाही जाणार. आईनं पेटीच्या दारापाशी बसून नुसतं लुगड्यावर हात थोपटला, जसा सपरीत थोपटते. गेली आत. दाराला प्लास्टिकच्या पट्ट्या आवळल्या आणि नेली.

विमानात बसल्यावर मी एअर होस्टेसला सांगितलं की खाली आमची कुत्री आहे, ती चढली का तेवढं विचाराल का. ती पुढं गेली, येऊन आईजवळ वाकून म्हणाली, आई, तुमची कुत्री चढली, कॅप्टनला माहीत आहे. आईनं तिचा हातच धरून ठेवला. पावणेदोन तास आईनं खिडकीबाहेर पाहिलं नाही, पहिल्यांदाच विमानात बसली होती ती, नजर पायाखालीच.

दिल्लीला पेटी पट्ट्यावर येत नाही, बाजूला मोठ्या सामानाच्या दारातून माणूस घेऊन येतो. सरकी उभी होती, कोरडी होती, आईला पाहून तिनं जो सूर काढला तो आम्ही बाबा दवाखान्यातून घरी आले होते तेव्हा ऐकला होता. बर्फ अर्धा उरला होता. दुसऱ्या दिवशी गुवाहाटीचे अडीच तास त्या मानानं सोपे गेले, पेटीत स्वतःहून गेली.

इथं पाऊस चालू आहे. दोन दिवस जेवली नाही, पाणीच प्यायली. आज सकाळी आईनं ज्वारीची भाकर केली, पीठ गावाहूनच आणलं होतं, ती खाल्ली. पेटी अजून आईच्या खाटेखाली बसत नाही म्हणून बाजूलाच ठेवलीय, दार काढून, रात्री त्यातच झोपते.

वर्धाकाठची | १ जुलै, सकाळी ७.००

वाचता वाचता रडले ताई. आईले नमस्कार सांग.

गोठ्यातला_डॉक्टर | १ जुलै, सकाळी ७.१५

छान. आता तिथल्या डॉक्टरकडं एकदा दाखवून ठेव, गोचीड लागू नये म्हणून देतात त्या गोळीची तारीख चुकवू नको, तिथली दमट हवा गोचिडांना फार मानवते.

तूरडाळ | १ जुलै, सकाळी ९.२०

लय बरं वाटलं वाचून. आमच्या गावात त्या झोपेच्या गोळीवाल्यालेही मी सांगून आलो.

इरई_काठ | ९ जुलै, रात्री ८.४०

ताई, पूर्ण धागा वाचला. माझा लॅब्राडोर आहे, दिवाळीच्या सुट्ट्यांनंतर भावाकडे दिल्लीला पाठवायचाय, तुमच्यासारखी मापं घेतली, नाक ते शेपटी ९०, कोपर ३२, खांदा २२, डोकं ६५. वजन ३१ किलो. ४२ इंची पेटी मिळून राहिली स्वस्तात, घेऊ का?

पऱ्हाटी | ९ जुलै, रात्री ९.३०

नको घेऊ दादा. ९० अधिक १६, म्हणजे लांबी १०६ सेंटिमीटर आतून पाहिजे, ४२ इंच म्हणजे बाहेरूनच १०६ च्या आसपास, आतून कमी भरते. ४८ इंचीच घ्या. रुंदी ४४, उंची ६५ अधिक अंथरूण. आणि कुत्रंच ३१ किलोचं आहे, पेटीचे दहा-बारा किलो धरले तर ३२ च्या कितीतरी वर जाते, म्हणजे तुमचा कार्गोनंच जाणार, तिकीट काढायच्या आधी कार्गो ऑफिसला फोन लावा आणि तो दिल्लीत कोण ताब्यात घेणार त्याचं नाव, ओळखपत्र आधीच देऊन ठेवा. पेटी आली की आधी दार काढा. लुगडं नसेल तर तुमचा जुना शर्ट चालेल, धुवू नका.